मधला घोट

आमच्या लॅबच्या दारात एक माठ होता आणि तो तहानेसाठी नव्हता. ज्याला तहान लागली असेल त्याने व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर जावं, असा नियम होता. हा नियम करणारे आमचे सर मात्र त्या माठातलं पाणी दिवसातून साठ-सत्तर वेळा पीत. दर वेळी एकच घोट. एका माणसाशी बोलणं संपलं की एक घोट, मग दुसऱ्याशी बोलायला सुरुवात.

कामाला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "सर, तुम्हाले शुगर तं नाही ना?" शुगरवाल्यांना तहान फार लागते हे मी नुकतंच शिकले होते आणि शिकलेलं कुठेतरी वापरायची मला घाई होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माठापाशी गेले, घोट घेतला, परत आले आणि म्हणाले, "याचं त्याले लागू नये म्हणून पितो." एवढं बोलून ते कामाला लागले. माझं समाधान झालं, असं त्यांना वाटलं असावं.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची होते, रामटेकहून नागपूरला आत्याकडे राहायला आले होते. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून एका धर्मादाय दवाखान्यात चिकटले होते, आणि स्वतःच्या झपाट्यावर फार खूश होते. दहा माणसांचं रक्त काढायला मला जेवढा वेळ लागे तेवढ्यात इतरांचे चार होत. सर आमच्या लॅबचे मुख्य टेक्निशियन. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने वाळलेले, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. निळं पेशंटच्या नावासाठी आणि काळं आकड्यांसाठी. "नाव अन् आकडा एकाच पेनानं लिहिला का माणूस आकड्याकडे नावासारखा पाहते," असं ते म्हणत. मला हे तेव्हा शुद्ध वेडेपण वाटलं. मी एकाच पेनाने लिहायची आणि ते माझी पानं मुकाट्याने पुन्हा लिहून काढायचे.

घोटाचा अर्थ मला पंधरा दिवसांनी कळला. आमच्या क्लार्कचं आणि सरांचं कशावरून तरी जुंपलं होतं. सर आवाज चढवून म्हणाले, "तुम्ही आळशी आहा, अन्—" तेवढ्यात खिडकीशी एक बाई रिपोर्ट विचारायला आली. सरांनी क्लार्कला हाताने थांबवलं. माठावर जाऊन घोट घेतला. बाईला इतक्या गोड आवाजात सांगितलं की ती बिचारी दोनदा नमस्कार करून गेली. मग पुन्हा माठ, पुन्हा घोट. मग क्लार्ककडे वळून त्याच चढलेल्या आवाजात म्हणाले, "—मूर्ख बी आहा." क्लार्क तोवर तिथेच थांबला होता. त्याला सवय होती.

हे सगळं त्यांनी सरबताच्या कारखान्यात शिकून घेतलं होतं. दवाखान्यात येण्याआधी ऐन तरुणपणी ते इतवारीतल्या एका सरबतवाल्याकडे कामाला होते. तिथे चार सरबतं बनत आणि चारही एकाच नळीतून बाटल्यांत भरली जात. एक सरबत संपवून दुसरं सुरू करायचं तर नळी धुवायला अर्धा तास जायचा, आणि मालकाकडे अर्धा तास कधीच नसायचा. मग क्रम ठरला होता. सकाळी लिंबू, मग संत्रा, मग गुलाब, सगळ्यात शेवटी खस. लिंबाचं थोडं संत्र्यात गेलं तर कोणाच्या बापाला कळत नाही. खस लिंबात गेली तर आख्खं गिऱ्हाईक जातं. संध्याकाळी खस संपली की मग नळी सावकाश धुवायची.

हा क्रम त्यांनी पुढे स्वतःच्या ताटालाही लावला. सौम्य आधी, जहाल शेवटी. म्हणजे पहिल्यांदा दहीभात, मग वरण, मग भाजी, अखेरीस ठेचा. घरी हे निभत असे. लग्नाच्या पंगतीत मात्र ते दर वेळी उपाशी राहत, कारण दहीभात खाताना दिसला की वाढप्याला वाटे याचं आटोपलं, आणि तो पत्रावळ उचलून घेऊन जाई. सर त्याला काही बोलत नसत. पंगतीत माठ कुठून आणणार?

घर आणि लॅब यांचंही एकमेकांना लागू नये म्हणून ते लॅबमध्ये वेगळ्या चपला ठेवत. त्यांच्या पत्नीने एकदा लॅबमध्ये फोन केला. सरांनी आवाज ओळखला, "सहा वाजल्यानंतर करा," म्हणाले आणि ठेवून दिला. लॅब सहालाच बंद होई.

तर अशा माणसाच्या ताब्यात दवाखान्याने मशीन दिलं.

तोपर्यंत आम्ही सगळं हाताने करत होतो. काचेच्या नळीने तपासणीचं औषध तोंडाने ओढायचं, परीक्षानळीत सोडायचं, रंग यायची वाट बघायची. मशीन परदेशातून आलं. त्याच्यासाठी एक खोली रिकामी करून तिथे ए.सी. बसवला. ऑपरेशन थिएटर सोडलं तर इमारतीतला तो एकटाच ए.सी. असल्यामुळे मे महिन्यात लोक आधीच घरी नेलेले रिपोर्ट विचारायला यायचे.

मशीन साधं होतं. गोल तबकात पेशंटच्या रक्ताचे छोटे कप लावायचे. बाजूला औषधांच्या आठ बाटल्या, एकेक तपासणीला एकेक. मध्ये स्टीलची एक बारीक सुई. सुई एका बाटलीतून थोडं औषध ओढी, कपात सोडी, मग बाजूच्या पाण्यात तीनदा बुडून स्वतःला धुई आणि पुढच्या बाटलीकडे जाई. धुतलेलं घाण पाणी खाली एका डब्यात साठे. मुंबईहून आलेला इंजिनीयर हे सगळं कौतुकाने दाखवत होता. सर स्टुलावर बसून अर्धा दिवस बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "सुई एकच आहे?"

"एकच! तीच तर खुबी आहे," इंजिनीयर म्हणाला.

"अन् बाटल्या आठ," असं म्हणून सर माठाकडे गेले.

त्या दिवशी त्यांनी घाण पाण्याच्या डब्यावर कागदाची एक उभी पट्टी चिकटवली. रोज संध्याकाळी डबा ओतण्याआधी पाणी कुठवर आलं तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि तारीख टाकायची. हे कशासाठी, ते मी विचारलं नाही. तोवर मी विचारणं सोडलं होतं.

अडचण वेळेची होती. वॉर्डांत डॉक्टरांचा राऊंड अकराला निघे आणि मशीनचं काम साडेबारापर्यंत चाले. डॉक्टर रिपोर्टाशिवाय फिरत आणि खालच्या मजल्यावर येऊन आमच्या मॅडमवर चिडत. मॅडम म्हणजे लॅबच्या डॉक्टर, पुण्याच्या. त्या म्हणत, "मशीन येऊनही उशीर? मग हातानंच काय वाईट होतं?" हे ऐकून माझं रक्त सळसळे. उशीर हा शब्द मला शिवीसारखा लागायचा.

त्याच सुमारास सर आठवडाभर रजेवर गेले. त्यांची पत्नी आमच्याच दवाखान्यात भरती झाली होती. शुगर पुष्कळ वर्षांची, आता किडन्या थकल्या होत्या. किडनीच्या वॉर्डात अकरा नंबरची खाट. मशीन त्या आठवड्यात माझ्या एकटीच्या हातात होतं. मी पुस्तिका उघडली, धुण्याची कळ शोधली आणि तीनाचं एक केलं. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला सगळे रिपोर्ट तयार. मॅडम स्वतः आत येऊन "शाब्बास" म्हणाल्या. मी त्या शाब्बासकीवर चार दिवस तरंगत होते.

सर परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "लवकर कसं होऊन राहिलं?"

"हात बसला सर," मी म्हटलं.

त्यांनी विश्वास ठेवला. मी खोटं बोलले आणि त्यांनी विश्वास ठेवला, एवढं इथे स्पष्ट लिहून ठेवते. ते आता सहा वाजले की थेट वॉर्डात जात, म्हणून रजेच्या आठवड्यासारखी डब्याची खूण पुढेही मीच करत राहिले. पाणी होतं तिथेच करत होते. खोटी खूण करावी हे मला सुचलं नाही, आणि त्या पट्टीकडे कोणी कधी बघेल असंही वाटलं नाही.

अकरा नंबरचं रक्त रोज आमच्याकडे येई. सर तो कप इतरांसारखाच रांगेत लावत. मी एकदा आधी लावायला गेले तर म्हणाले, "रांगेनं." रिपोर्टवर सही करण्याआधी एक घोट आणि केल्यावर एक घोट. काळं पेन. लॅबमध्ये तिला ते अकरा नंबर म्हणत, आणि सहा वाजता चपला बदलून वर गेले की काय म्हणत असतील ते तिलाच ठाऊक.

पहिल्याच आठवड्यात अकरा नंबरचा फॉस्फरस वाढलेला निघाला. थकलेल्या किडनीत असं होतं, अन्नातला फॉस्फरस रक्तात साठत जातो. वॉर्डच्या तरुण डॉक्टरने दूध, दही, डाळ बंद केली आणि जेवणानंतर घ्यायला एक पांढरं, खडूसारखं दाट औषध दिलं, जे फॉस्फरसला पोटातच धरून बाहेर नेतं. दहा दिवस झाले तरी आकडा उतरेना. औषध दुप्पट केलं. तरी उतरेना. फक्त सोमवारी तो बरा येई आणि मंगळवारपासून पुन्हा वर. डॉक्टरने त्यावरून निष्कर्ष काढला: रविवारी नवरा दिवसभर शेजारी बसतो म्हणून पथ्य पाळलं जातं, इतर दिवशी बाई कोणाकडून तरी दही मागवून खातात.

सकाळी रक्त काढायला मी जायची. काकू ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला खमंग. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "हे खाली तुह्या बाजूले असते तवा कसे असते वं? मले बी सांग. माझ्याकडे येतपर्यंत धुऊन येते." मला त्या फार आवडल्या. पण पंधरा दिवसांत त्यांचं हसणं कमी झालं. आधी त्या उठून बसत, मग धरून बसवावं लागे, मग पाण्याचा ग्लासही हातात पेलवेना. हाडं दुखतात म्हणायच्या. आणि वर त्या दह्याचा आळ. "मी दही खाल्लं असतं तं मले तरी माहीत असतं ना वं?" नर्स हसायच्या. डॉक्टर रागवायचा.

एका मंगळवारी मी दंड बांधला तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "काल यायनं बी मले इचारलं. खरं सांग, खाल्लं का म्हणून. लग्नाले तीस वर्सं झाली. माणसानं काल पयल्यांदा मले खरं सांग म्हटलं." रक्त भरून होईपर्यंत त्यांनी तोंड इकडे केलं नाही. मी सुई काढली, कापूस दाबला आणि झपझप पुढच्या खाटेकडे गेले. माझ्या डोक्यात तेव्हाही काही आलं नाही. मला पावणेअकरा गाठायचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी डबा उघडला. वरच्या पुड्यात नेहमीप्रमाणे दहीभात होता, आता तो ते स्वतःच कालवून आणत. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, झाकण लावलं आणि रजिस्टर पुढे ओढलं.

"सोमवारी अकरा नंबरच्या काय काय तपासण्या राहते?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या. आठही."

"अन् बाकी दिवशी?"

"शुगर अन् फॉस्फरस."

"म्हणजे सोमवारी सुई शुगरच्या बाटलीतून निघते अन् फॉस्फरसच्या बाटलीत जाईपर्यंत मधात सहा बाटल्या येते. बाकी दिवशी मधात कोणीच नाही." ते बोटाने रजिस्टरच्या ओळी खाली खाली नेत गेले. ज्या ज्या पेशंटच्या फक्त शुगर आणि फॉस्फरस या दोनच तपासण्या होत्या, त्यांचा फॉस्फरस वर होता. इतरांचा ठीक. "शुगरच्या बाटलीतल्या औषधात फॉस्फेट आहे, म्हणजे फॉस्फरसच," सर म्हणाले. "खस लिंबात जाऊन राहिली."

त्यांनी एका कपात रक्ताऐवजी शुद्ध पाणी भरलं. आधी नुसती फॉस्फरसची तपासणी केली. मशीनने शून्य छापलं, जे पाण्याला शोभणारंच होतं. मग तेच पाणी, पण आधी शुगर आणि लगेच फॉस्फरस. मशीन खडखडलं आणि आकडा आला. जवळपास अकरा नंबरचाच आकडा. सरांनी कागद फाडून हातात घेतला.

"पाण्याच्या बी किडन्या गेल्या," ते म्हणाले.

मग ते खाली वाकले आणि डब्यावरची पट्टी पाहिली. एका तारखेपर्यंत त्यांच्या खुणा वर होत्या. त्यानंतर माझ्या खुणा, सगळ्या तिसऱ्या हिश्शावर. ते वाकलेले तसेच राहिले. मी म्हटलं, "सर, मी—" त्यांनी न बघता हात वर केला. उभे राहिले, कागद घेऊन निघाले आणि माठावरून सरळ पुढे गेले. घोट न घेता. दारात बसलेला क्लार्क खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याने वीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी ते पांढरं औषध बंद झालं. काकूंचा फॉस्फरस आम्ही जुन्या पद्धतीने, हाताने काढला. तो वाढलेला नव्हताच. उलट पार तळाला गेलेला होता. जे साठलंच नव्हतं ते काढायला दिलेल्या औषधाने, जगायला लागणारं होतं तेही काढून नेलं होतं. ग्लास पेलवत नव्हता तो त्यामुळे. हाडं दुखत होती ती त्यामुळे. मी स्लाइड धुवायच्या खोलीत जाऊन रडले. मला स्वतःची इतकी घाण त्याआधी कधी वाटली नव्हती.

मॅडमनी सरांना बोलावलं. मध्ये लाकडी पडदीच होती, सगळं ऐकू येत होतं.

"धुणं कमी कोणी केलं?"

"मशीन माझ्या ताब्यात आहे."

"मी ते विचारलं नाही."

"माझं उत्तर तेच आहे."

त्यानंतर अर्धा तास मॅडम बोलल्या. इतक्या वर्षांची नोकरी, स्वतःची बायको, लाज, हे सगळे शब्द त्यात आले. मी पडदीला टेकून उभी होते. आत जाऊन "मी केलं" एवढे दोन शब्द बोलायला पाय उचलला नाही. झपाट्याची मुलगी मी, आणि त्या दहा पावलांना मला अर्धा तास पुरला नाही.

सर बाहेर आले. माठापाशी थांबले. एक घोट नाही, ग्लासभर पाणी प्यायले. माझ्याकडे पाहिलं. दुसरा ग्लास भरला, प्यायले. पुन्हा पाहिलं. तिसरा ग्लास संपवून त्यांनी तो पालथा ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "निघून नाही राहिलं. तू आज माझ्याशी बोलू नको." सहा वाजेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून बसले. मग चपला बदलून वर गेले.

रात्रभर मी राजीनाम्याची वाक्यं जुळवली. सकाळी कागद घेऊन गेले तर सर आधीच आलेले. त्यांनी एक घोट घेतला, नेहमीचा, आणि म्हणाले, "ये. बाटल्या मांडू." कागद पाहिला तेव्हा म्हणाले, "हे मागून. आधी बाटल्या."

मॅडमचा हुकूम होता की दर वेळी तीनदा धुवायचं. त्यामुळे रिपोर्ट पुन्हा साडेबारावर गेले आणि डॉक्टर पुन्हा खालच्या मजल्यावर यायला लागले. सरांना दोन्ही हवं होतं, वेळही आणि चोखपणाही. आठवडाभर दुपारी आम्ही दोघं बसलो. आठ बाटल्या. प्रत्येक बाटलीनंतर उरलेल्या प्रत्येक बाटलीचं पाण्यावर करून पाहायचं, कोणाचं कोणाला लागतं ते. छप्पन्न जोड्या झाल्या. मी लिहीत होते, दोन पेनांनी. बहुतेकांचं एकमेकांशी बरं होतं. चार जोड्या वाईट निघाल्या.

मग त्यांनी कामाची पद्धतच उलटी केली. तोवर मशीन एका पेशंटच्या सगळ्या तपासण्या करून दुसऱ्याकडे जाई, म्हणजे दर कपाला सुई बाटल्या बदलत राही. सर म्हणाले, कारखान्यात आपण एका गिऱ्हाईकाचं लिंबू, गुलाब, खस भरून मग दुसऱ्याचं भरत होतो का? आधी सगळ्या पेशंटचा फॉस्फरस. मग सगळ्यांचं कॅल्शियम. असं करत सगळ्यात शेवटी सगळ्यांची शुगर. आख्ख्या सकाळभरात सुई फक्त सात वेळा बाटली बदलणार. त्या सात वेळी तिला मनसोक्त धुवा.

"अन् एकाच बाटलीत असताना?" मी विचारलं.

"एकदा बस्स."

एकदा म्हणजे मीच केलं होतं ते. मला मान वर करवेना. "तुह्यं एक चुकीचं नवतं," ते म्हणाले. "न सांगता होतं."

बाटल्या जागेवर ठेवता ठेवता मी विचारलं, "सात वेळा पाच-पाचदा धुतलं का सगळं निघते?"

"नाही. पाचदा धू का पन्नासदा धू, थोडं राहतेच. राहिलेलं पुढं कोणाच्या अंगावर जाते, तेवढं पाहायचं असते."

नव्या मांडणीने पहिल्या दिवशी रिपोर्ट सव्वादहाला तयार झाले, माझ्या चोरीच्या वेळेपेक्षाही अर्धा तास आधी. मॅडम आल्या, "शाब्बास" म्हणाल्या. ती शाब्बासकी सरांनी आणि मी दोघांनीही उचलली नाही, ती तशीच त्या थंड खोलीत राहिली. माझा राजीनामा सरांच्या खणात होता. "मागून" कधी आलंच नाही.

काकूंना दूध-दही सुरू झालं. आठ दिवसांत ग्लास हातात धरता आला, पंधराव्या दिवशी कठड्याला धरून चालल्या. किडन्या थकलेल्या होत्या त्या होत्याच, पण त्या घरी गेल्या. जाण्याआधी सकाळी साडेनऊला, लॅबच्या वेळेत, त्या जिना उतरून आमच्या दारात उभ्या राहिल्या. सर आत बाटल्या पुसत होते. त्यांनी पाहिलं, पण "सहा वाजल्यानंतर" म्हणाले नाहीत.

काकूंनी माझ्या हातात कोथिंबिरीचा वास सुटलेला स्टीलचा डबा दिला. "सांबारवडी आहे. बहिणीच्या हातून करून घेतली. हे म्हणत होते, तुनंच पकडली वं ती चूक. नाही तं मी तं गेलीच होती त्या चुन्याच्या पाण्यावर. अन् दह्याची चोरटी म्हणून गेली असती." त्यांनी माझा गाल कुरवाळला आणि हळूहळू भिंतीला धरून बाहेर रिक्षाकडे गेल्या.

मी डबा धरून उभी राहिले. मग सरांना म्हटलं, "तुम्ही काकूले खोटं काहून सांगितलं?"

"मी खोटं नाही सांगितलं," ते बाटली पुसत म्हणाले. "चूक सापडली तेव्हा ती पोरगी तिथं होती, एवढंच सांगितलं. बाकी तिनं लावून घेतलं."

"मी खरं सांगून येईन त्याईले."

"सांगजो. पण तिच्यात ताकद येऊ दे. अन् आधी मले माझं सांगू दे. मी तिले चोरटी म्हटलं, मशीनचं ऐकून. माझं तुह्यापेक्षा मोठं आहे."

मी माठापाशी गेले. त्याआधी मी त्या माठाला कधी हात लावला नव्हता. एक ग्लास प्यायले. दुसरा प्यायले. तिसरा भरला तेव्हा सरांनी आतून विचारलं, "निघालं?"

"नाही."

"असू दे," ते म्हणाले, आणि बाटली खाली ठेवून खिडकीशी गेले. बाहेर रक्त द्यायला दहा-बारा माणसांची रांग होती. रांग मोडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी रांगेवरून शांतपणे नजर फिरवली, बाटल्या निवडाव्या तशी, आणि सातव्या नंबरवरच्या एका म्हाताऱ्या बुवांना खुणेने आत बोलावून माझ्यापुढे बसवलं. धोतर, डोक्याला टॉवेल, दोन्ही कानांनी ठार बहिरे. माझ्या तोंडून त्या क्षणी काहीही निघालं असतं तरी त्यांना लागलं नसतं.

मी त्यांचा दंड बांधला, शीर शोधली, सुई घातली. डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं आणि मला ते पुसायला हात मोकळा नव्हता. बुवांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, आणि दुसऱ्या हाताने माझ्या मनगटावर थोपटत, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "रडू नको वं माय. मले दुखून नाही राहिलं."